गळ्यात पडलेला मॅक्रो: एरर आली तर बघायचं कुठे?

सोसायटीचं मेंटेनन्स बिल असो, संस्थेचं पगारपत्रक असो की डीलरचा महिन्याचा स्टॉक रिपोर्ट, कुठेतरी एक एक्सेल फाइल असते आणि तिच्यात एक बटण असतं. ते दाबलं की मॅक्रो, म्हणजे एक्सेलमधली कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, चालतो. ते बटण बनवणारा माणूस रिटायर झालेला असतो, नाहीतर नोकरी बदलून गेलेला असतो. बटण मात्र वर्षानुवर्षं काम करत राहतं. मग एका महिन्यात, बरोबर बिलं काढायच्या दिवशी, ते दाबल्यावर एक चौकट येते: ‘रन-टाइम एरर ९, सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज’. खाली एंड, डीबग आणि हेल्प अशी बटणं. दहातले नऊ जण घाबरून ‘एंड’ दाबतात. पुन्हा मॅक्रो चालवतात, पुन्हा तीच चौकट.

ही चौकट म्हणजे वाईट बातमी, असं वाटणं साहजिक आहे. खरं तर ती त्यातल्या त्यात बरी बातमी. मॅक्रो कुठे अडकला हे तो स्वतःहून सांगतोय. चुकीचा आकडा काढून गुपचूप पुढे जाणारा मॅक्रो याहून कितीतरी वाईट. त्याच्याकडे नंतर येऊच.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारायचा. गेल्या महिन्यापर्यंत हा चालत होता ना? मग कोड तर तोच आहे. मॅक्रो आपला आपण बिघडत नाही. बदललं असेल ते त्याच्या आजूबाजूचं: शीटचं नाव, फाइलची जागा, नवा लॅपटॉप, कुणीतरी नंबरच्या जागी लिहिलेला शेरा. लिहिणाऱ्याने काही गोष्टी गृहीत धरल्या होत्या आणि त्यातली एखादी आता खरी राहिलेली नाही. ती कोणती, एवढंच शोधायचं असतं. व्हीबीए, म्हणजे मॅक्रो ज्या भाषेत लिहितात ती, शिकून घ्यायची गरज त्यानंतर लागली तर लागते.

हात लावण्याआधी

फाइलची कॉपी करा आणि सगळे प्रयोग त्या कॉपीवर करा. मॅक्रोने शीटमध्ये केलेले बदल कंट्रोल+झेडने परत फिरत नाहीत. मॅक्रोने शीटला हात लावला की एक्सेल अनडूची आधीची यादीही पुसून टाकतं.

पण कॉपी केली म्हणजे सगळं सुरक्षित झालं असंही नाही. मॅक्रो आउटलुकमधून सभासदांना मेल पाठवत असेल तर कॉपीमधूनही ते मेल जाणारच. कोडमध्ये फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहिलेला असेल तर कॉपीसुद्धा मूळ फोल्डरमधल्या फाइलींवरच लिहिणार. म्हणून आल्ट+एफ११ दाबून कोडची खिडकी उघडा, कंट्रोल+एफने ‘सेंड’, ‘सेव्हअ‍ॅज’, ‘किल’ आणि ‘डिलीट’ हे शब्द शोधा. जी ओळ धोक्याची वाटेल तिच्या सुरुवातीला एक सिंगल कोट टाका. ओळ हिरवी होते आणि चालायची थांबते. ‘किल’ म्हणजे डिस्कवरची फाइल उडवणं, आणि ती रिसायकल बिनमध्येही जात नाही.

पिवळी ओळ

आता पुन्हा चालवा आणि या वेळी ‘डीबग’ दाबा. (ते बटण फिकट असेल तर कोडला पासवर्ड लावलेला आहे. मग जुन्या माणसाला फोन करण्यावाचून इलाज नाही.) कोड उघडतो आणि एक ओळ पिवळी झालेली दिसते. ही ओळ मॅक्रोला पार करता आली नाही. माउसचा बाण त्या ओळीतल्या एखाद्या व्हेरिएबलवर (कोडने किंमत साठवायला ठेवलेलं नाव) नेऊन क्षणभर थांबा, त्यात या घडीला काय भरलंय ते छोट्या पट्टीत दिसतं. कंट्रोल+जी दाबलं की खाली ‘इमिजिएट’ नावाची खिडकी उघडते. तिथे प्रश्नचिन्ह टाकून पुढे कशाचंही नाव लिहा आणि एंटर मारा, उत्तर लगेच मिळतं. गळ्यात पडलेला मॅक्रो दुरुस्त करताना माझा निम्मा वेळ या एका खिडकीत जातो.

पिवळी ओळ म्हणजे गुन्हेगार, असं समजून तीच बदलायला बसू नका. बहुतेक वेळा आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशी गत होते. ती ओळ वर्षानुवर्षं चाललेली असते. तिच्या हाती आलेला माल खराब असतो.

एरर ९ चंच बघू. अर्थ सोपा आहे: कोडने नाव घेऊन काहीतरी मागितलं आणि त्या नावाचं काही सापडलं नाही. समजा पिवळी ओळ अशी आहे, की ‘मेंटेनन्स’ नावाच्या वर्कबुकमधली ‘रिसीट’ नावाची शीट घे. इथे संशयित दोन. एक, वर्कबुक, म्हणजे एक्सेलची फाइल. फाइल मेलवरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून दुसऱ्यांदा डाउनलोड केली की नावापुढे कंसात १ लागतो. माणसाला ती तीच फाइल वाटते, कोडला नाही. कोड जर स्वतःच्याच फाइलबद्दल बोलत असेल तर नाव काढून तिथे ‘धिसवर्कबुक’ लिहायचं. मग फाइलचं नाव काहीही ठेवा.

दुसरा संशयित म्हणजे शीट. खालच्या टॅबवर ‘रिसीट’ स्पष्ट दिसतंय, तरी कोड म्हणतो नाही. इमिजिएट खिडकीत ही एक ओळ लिहून बघा (टाइप अर्थातच इंग्रजीत करायची, इथे उच्चार दिला आहे):

फॉर ईच एस इन धिसवर्कबुक.शीट्स : ? "[" & एस.नेम & "]" : नेक्स्ट

फाइलमधल्या सगळ्या शीट्सची नावं एकाखाली एक येतात, प्रत्येक नाव चौकटी कंसात. आणि तिथे दिसतं की बाकी सगळ्यांचा कंस नावाला चिकटून बंद होतोय, ‘रिसीट’च्या पुढे मात्र एक जागा मोकळी आहे. कुणीतरी टॅबवर डबल-क्लिक करून नाव पुन्हा लिहिलं आणि शेवटी स्पेस पडली. टॅबकडे तासभर बघत बसलात तरी ती दिसणार नाही. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक शीटच्या नावात चालतो, स्पेसचा चालत नाही.

टॅबवर मराठी लिहिलं तर

आपल्याकडे याच एररचं आणखी एक कारण असतं. नव्या सेक्रेटरींनी ‘एरियर्स’ या टॅबचं नाव हौसेने ‘थकबाकी’ केलं. एक्सेलला त्याची काही अडचण नाही, टॅबवर देवनागरी छान उमटते. मग तुम्ही कोडमध्ये जाऊन तिथेही ‘थकबाकी’ लिहिता, आणि एडिटर तुमच्यासमोर सहा प्रश्नचिन्हं मांडतो.

व्हीबीए एक्सेलमध्ये १९९३ साली, पाचव्या आवृत्तीबरोबर आलं. त्याच्या एडिटरची खिडकी आजही युनिकोड (सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) पाळत नाही. ती विंडोजच्या जुन्या, भाषेनुसार ठरणाऱ्या कोड पेजवर, म्हणजे अक्षरांच्या यादीवर, चालते आणि त्या जुन्या यादीत देवनागरीसाठी पानच नाही. म्हणून कोडमध्ये लिहिलेलं प्रत्येक मराठी अक्षर प्रश्नचिन्ह होतं. नुसतं दिसायला नाही, खरोखरच. त्यामुळे कोड आता ‘??????’ नावाची शीट शोधतो आणि एरर ९ पुन्हा हजर.

गंमत अशी, की कोड चालू असताना मराठी मजकूर व्हेरिएबलमध्ये व्यवस्थित राहतो. अडचण फक्त एडिटरमध्ये लिहिण्या-दाखवण्याची आहे. म्हणून शीटचं नाव एखाद्या सेलमध्ये लिहून ठेवलं आणि कोडने ते तिथून वाचलं, तर सगळं सुरळीत चालतं. दुसरा मार्ग सी-एच-आर-डब्ल्यू या फंक्शनला अक्षरांचे क्रमांक देण्याचा. थ चा २३४१, क चा २३२५, ब चा २३४८, काना २३६६, पुन्हा क, मग दीर्घ वेलांटी २३६८. चालतं, पण वाचणाऱ्याचे हाल होतात. मला विचाराल तर शीटचं कोडनेम वापरा. टॅबवरच्या नावाखेरीज प्रत्येक शीटला एक आतलं नाव असतं, साधारण ‘शीट३’ सारखं. एडिटरमध्ये प्रॉपर्टीज खिडकीत ते अगदी वर दिसतं. टॅबचं नाव कुणी कितीही वेळा बदललं तरी हे तसंच राहतं. मात्र ते त्याच फाइलच्या कोडमध्ये चालतं, दुसऱ्या फाइलमधली शीट त्याने थेट बोलावता येत नाही.

एक सावधगिरी: तपासताना मराठी नाव इमिजिएट खिडकीत किंवा मेसेज बॉक्समध्ये छापलंत तर प्रश्नचिन्हंच दिसतील, आतला मजकूर बरोबर असला तरी. खात्री करायची तर एखाद्या रिकाम्या सेलमध्ये छापून बघा.

जुन्या लिपी-फॉन्टमध्ये टाइप केलेली नावं हा याचा सख्खा भाऊ. त्या शीटमध्ये डोळ्यांना ‘कुलकर्णी’ दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात, मराठी रूप फक्त फॉन्टचं. नवीन यादी युनिकोडमध्ये आली की दोन्हीकडचं ‘कुलकर्णी’ कोडच्या लेखी वेगळं. अशा सेलचा फॉन्ट एरियल करून बघा, लगेच खरं रूप दिसतं.

‘१,२००/-’ आणि बाकीचे आकडे

एरर १३, टाइप मिसमॅच. मॅक्रो बेरीज करत होता आणि मध्येच आकड्याच्या जागी शब्द लागला. पिवळी ओळ साधारण ‘टोटल बरोबर टोटल अधिक या सेलची किंमत’ अशी असते. लूपचा (एकेका ओळीवर तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागाचा) आकडा ज्या व्हेरिएबलमध्ये आहे, बहुधा ‘आय’, त्यावर बाण न्या. ४७ दिसलं तर सरळ शीटच्या ४७ व्या ओळीवर जा. तिथे कुणीतरी प्रेमाने ‘१,२००/-’ लिहिलेलं असतं. किंवा ‘निरंक’. किंवा नुसती एक स्पेस. पूर्ण रिकामा सेल व्हीबीए शून्य धरतं आणि तक्रार करत नाही. स्पेस असलेला सेल रिकामा दिसतो, पण तो मजकूर असतो. बाण नेल्यावर ‘एरर २०४२’ असं काही दिसलं तर त्या सेलमध्ये ‘एन/ए’ आलाय, म्हणजे व्हीलुकअप या शोधणाऱ्या फॉर्म्युल्याला फ्लॅट सापडला नाही.

इथे कोडला हात न लावता सेल दुरुस्त करा आणि त्या कॉलमला डेटा व्हॅलिडेशन लावा, म्हणजे पुढच्या वेळी आकड्याशिवाय काही लिहिताच येणार नाही.

एरर ६, ओव्हरफ्लो, मला यातली सगळ्यात मजेदार वाटते, कारण तिथे खरोखर कुणीच काही बदललेलं नसतं. व्हीबीएमधला ‘इंटिजर’ हा प्रकार फक्त ३२,७६७ पर्यंत मोजतो. समजा ३०० फ्लॅटची सोसायटी आहे, महिन्याला प्रत्येक फ्लॅटची एक ओळ. वर्षाला ३,६०० ओळी, नऊ वर्षांत ३२,४००. दहाव्या वर्षीचा पहिला महिना ३२,७०० वर निभावतो. दुसऱ्या महिन्यात मॅक्रो कोसळतो. कोडमध्ये वर जिथे ‘अ‍ॅज इंटिजर’ लिहिलंय तिथे ‘अ‍ॅज लाँग’ करा, मर्यादा दोनशे चौदा कोटींच्या वर जाते. एका शब्दाचं काम.

एरर ९१ बहुतेकदा ‘फाइंड’मुळे येते. कोडने ‘बी-४०२’ शोधलं, शीटमध्ये कुणी ‘बी ४०२’ लिहिलंय, फाइंडच्या हाती काही लागलं नाही आणि पुढची ओळ त्या ‘काही नाही’कडे रक्कम मागायला गेली. पण सकाळी चालणारा मॅक्रो दुपारी ९१ देऊ लागला तर आणखी एक गोष्ट तपासा. ‘पूर्ण सेल जुळला पाहिजे की अर्धा चालेल’ ही सेटिंग कोडमध्ये लिहिली नसेल, तर एक्सेल शेवटच्या शोधात वापरलेली सेटिंग उचलतं. तुम्ही दुपारी कंट्रोल+एफमध्ये ‘मॅच एन्टायर सेल’वर टिक केलीत, ती मॅक्रोलाही लागली. याचा उलटा प्रकार जास्त घातक: अर्धा जुळला तरी चालेल अशी सेटिंग राहिली तर पावती क्रमांक १२ शोधताना ११२ सापडतो, आणि एरर येत नाही.

राहिली १००४. हा आकडा म्हणजे डॉक्टरांनी ‘व्हायरल आहे’ म्हणण्यासारखा, काहीही असू शकतं. शीट प्रोटेक्ट केलेली आहे, सेल मर्ज केलेले आहेत, ज्या फोल्डरमध्ये सेव्ह करायचं तो फोल्डरच नाही. मात्र एक कारण वारंवार भेटतं. ओळीत ‘डेटा शीटची रेंज, या सेलपासून त्या सेलपर्यंत’ असं लिहिलेलं असतं, पण आतल्या दोन ‘सेल्स’च्या मागे शीटचं नाव नसतं. मग एक्सेल ते सेल समोर उघड्या असलेल्या शीटवरचे समजतं. तुम्ही डेटा शीटवर उभे राहून बटण दाबलं तर चालतं, दुसऱ्या शीटवरून दाबलं तर १००४. ‘माझ्याकडे चालतो, त्यांच्याकडे नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं. तिन्ही ठिकाणी शीटचं नाव लावलं की भांडण मिटतं.

लॅपटॉप बदलला असेल तर

मग वेगळी लक्षणं दिसतात. ‘लेफ्ट’ किंवा ‘फॉरमॅट’ अशा अगदी साध्या शब्दावर थांबून ‘कान्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी’ म्हटलं, तर त्या शब्दाचा काही दोष नाही. एडिटरच्या टूल्स मेनूत रेफरन्सेस उघडा, ज्या नावाआधी ‘मिसिंग’ लिहिलंय त्याची टिक काढा. ६४-बिट ऑफिसबद्दल तक्रार आली तर जुन्या ‘डिक्लेअर’ ओळींमध्ये ‘पीटीआरसेफ’ हा शब्द घालावा लागतो आणि काही व्हेरिएबलचे प्रकारही बदलावे लागतात. ते काम जाणकाराकडून करून घेतलेलं बरं. मॅक्रो सुरूच होत नसेल आणि वर लाल पट्टी असेल, तर ती एरर नव्हे. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपोआप अडवायला सुरुवात केली. फाइल नक्की कुणाकडून आली याची खात्री असेल तरच तिच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’ करा.

नव्या लॅपटॉपवर विंडोजची तारीख अमेरिकन पद्धतीची राहिली असेल तर मात्र जपून. मजकूर म्हणून आलेली ०५/०४ ही तारीख कोड ४ मे वाचतो. १३/०४ ला तेरावा महिना नसल्याने तो निमूटपणे १३ एप्रिल करतो. म्हणजे काही तारखा बरोबर, काही चूक, आणि चौकट एकही नाही.

न दिसणारी एरर

जुन्या मॅक्रोत वरच्या बाजूला ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ ही ओळ आहे का बघा. अर्थ असा: चूक झाली तर बोलू नकोस, पुढच्या ओळीवर जा. झाकली मूठ सव्वा लाखाची. एखाद्या खास ठिकाणी, दोन ओळींपुरती ती योग्य असते. सगळ्या मॅक्रोच्या डोक्यावर बसवली तर फ्लॅट सापडला नाही तरी मागच्या फ्लॅटची रक्कम तशीच पुढे चिकटते. कोड न बदलता मूठ उघडायची सोय आहे: टूल्स, ऑप्शन्स, जनरल, तिथे ‘ब्रेक ऑन ऑल एरर्स’ निवडा. मग दाबलेल्या सगळ्या चुकांवर मॅक्रो थांबतो. तपासणी झाली की सेटिंग पूर्ववत करा.

‘ए६५५३६’ हा आकडाही कोडमध्ये शोधा. एक्सेल २००७ च्या आधी शीटला ६५,५३६ ओळीच होत्या, आता १०,४८,५७६ आहेत. जुने लोक शेवटची भरलेली ओळ शोधायला या सेलपासून वर जायचे. डेटा त्याच्याही खाली गेला की हा शोध भलतीकडे, सलग भरलेल्या कॉलमात तर थेट पहिल्या ओळीवर पोचतो आणि नवी नोंद जुन्या नोंदीवर लिहिली जाते. जुन्या एक्सएलएस फाइलच्या याच मर्यादेमुळे २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या दैनंदिन आकड्यांतून कोविडचे १५,८४१ रुग्ण सुटले होते. ओळी संपल्या, उरलेल्या नोंदी आत आल्याच नाहीत. काही दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दुरुस्ती झाल्यावर

एका वेळी एकच बदल करा आणि त्या ओळीवर सिंगल कोट टाकून तारीख आणि कारण लिहा. मॅक्रो मध्येच थांबवला असेल तर शीट ‘मेल्यासारखी’ वागू शकते, सेलमध्ये लिहिलं तरी आपोआप होणारी कामं होत नाहीत. कोडने सुरुवातीला इव्हेंट्स (सेल बदलला की कोडला मिळणारी सूचना) बंद केलेले असतात आणि परत सुरू करणाऱ्या ओळीपर्यंत तो पोचलेला नसतो. इमिजिएट खिडकीत ‘अ‍ॅप्लिकेशन.एनेबलइव्हेंट्स = ट्रू’ लिहा. फॉर्म्युले हलत नसतील तर कॅल्क्युलेशन मॅन्युअलवर राहिलंय का तेही बघा.

एरर गेली म्हणजे आकडे बरोबर आले असं नाही. कॉपीमध्ये मागच्या महिन्याचा डेटा घालून दुरुस्त मॅक्रो चालवा आणि आलेली बेरीज त्या महिन्यात प्रत्यक्ष वाटलेल्या बिलांशी ताडून पाहा, एकूणही आणि फ्लॅटवारही. जुळली तर या महिन्याची बिलं काढायला हरकत नाही. फरक आला तर आधी दुरुस्ती तपासा. आणि दुरुस्ती बरोबर असूनही फरक राहत असेल, तर कदाचित जुनीच बिलं चुकीची होती. तसं निघालं तर कोडमध्ये आणखी काही करू नका. फरक पडलेल्या फ्लॅटांची यादी छापून घ्या आणि कमिटीच्या पुढच्या सभेत ठेवा.